निरोगी बाळाचे ऋण आणि त्याची फेड

मूल सुखरूप जन्मावे आणि त्याचे पहिले वर्ष आजाराविना पार पडावे, हे आज बहुतेक घरांत गृहीत धरले जाते. दोन पिढ्यांपूर्वी मात्र तसे गृहीत धरण्याचे धाडस कोणी करत नसे. एक हजार जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आत दगावणाऱ्या बालकांच्या संख्येला अर्भक मृत्युदर म्हणतात. नमुना नोंदणी पद्धतीनुसार हा दर भारतात १९७१ मध्ये १२९ होता, २०२० मध्ये तो २८ वर आला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात तो १६ होता. याचा अर्थ असा की, आज सोलापूर जिल्ह्यातील टेंभुर्णीत ज्या आजी नातवंडाला पायांवर घेऊन न्हाऊ घालतात, त्यांच्या तरुणपणी देशात जन्मलेल्या दर आठ मुलांपैकी साधारण एक मूल पहिला वाढदिवस पाहत नव्हते. त्यातच १९७२ च्या दुष्काळाने याच जिल्ह्यातील आयाबायांना कडेवरच्या लेकरांसह खडी फोडण्याच्या कामावर उभे केले होते. तेव्हापासून आजपर्यंत झालेला बदल कोणा एका घराच्या पुण्याईने किंवा एखाद्या औषधाने घडलेला नाही. घरातील वडीलधाऱ्यांचे कष्ट, लस, स्वच्छ पाणी, गावोगाव हिंडणाऱ्या आरोग्यसेविका आणि शेताला मिळालेले सिंचन अशा अनेक गोष्टी एकत्र आल्या, तेव्हा आजचे निरोगी बाळ शक्य झाले.

म्हणून निरोगी अपत्याचा आनंद वाटणाऱ्या तरुण आईवडिलांच्या मनात कृतज्ञता दाटून येणे स्वाभाविक असले, तरी ती मनात ठेवून पुरत नाही. भारतीय परंपरेने या भावनेला ऋणाच्या कल्पनेत बांधले आहे: वैदिक वाङ्मयात देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही तीन ऋणे सांगितली असून शतपथ ब्राह्मणात त्यांना मनुष्यऋणाची, म्हणजे सोबतच्या माणसांच्या देण्याची, जोड दिलेली आहे. ऋण म्हटले की ते कोणाचे हे ओळखावे लागते, ते कबूल करावे लागते आणि ते फेडावे लागते. तरुण पालकांनी याच क्रमाने काय करावे, याचे मार्गदर्शन पुढे केले आहे. त्यासाठी टेंभुर्णी परिसरातील घरे, चालीरीती आणि उपलब्ध सोयी डोळ्यांपुढे ठेवल्या आहेत.

बाळंतिणीचा मान पहिला

बाळाच्या कौतुकात सर्वांत आधी विसर पडतो तो त्याच्या आईचा. नऊ महिन्यांचा भार, प्रसूतीच्या वेदना किंवा शस्त्रक्रियेची जखम, त्यानंतर दर दोन-तीन तासांनी करावे लागणारे स्तनपान आणि तुटलेली झोप हे सारे तिच्या देहावर पडते. म्हणून पित्याची आणि सासरच्या माणसांची पहिली कृतज्ञता तिच्या विश्रांतीच्या आणि आहाराच्या रूपाने व्यक्त व्हावी. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, खारीक-खोबरे हे परंपरेने दिले जाणारे पदार्थ शक्तिवर्धक आहेतच, तथापि त्यांच्यासोबत भाकरी, डाळी, पालेभाज्या, दूध, अंडी आणि भरपूर पाणी असा रोजचा पुरेसा आहारही तिला मिळाला पाहिजे. तसेच आरोग्य केंद्रातून मिळालेल्या लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या प्रसूतीनंतरही सांगितलेल्या मुदतीपर्यंत सुरू ठेवाव्यात. बाळंतिणीला पाणी कमी द्यावे किंवा पथ्याच्या नावाखाली भाज्या-फळे बंद करावीत, ही समजूत सोडून द्यावी.

शरीराइतकीच मनाचीही काळजी आवश्यक आहे. प्रसूतीनंतरच्या पहिल्या काही दिवसांत अकारण रडू येणे, चिडचिड होणे हे पुष्कळ स्त्रियांच्या बाबतीत घडते आणि आधार मिळाल्यास ते आपोआप ओसरते. परंतु उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, बाळाविषयी ओढ वाटेनाशी झाली किंवा जीव नकोसा वाटू लागला, तर ते प्रसूतिपश्चात नैराश्य, म्हणजे उपचाराने बरा होणारा आजार, असू शकते आणि त्यासाठी डॉक्टरांचा सल्ला विनाविलंब घ्यावा. शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक अशा वेळी मोफत आणि मराठीतून उपलब्ध आहे. ‘एवढे सोन्यासारखे बाळ मिळाले, मग रडतेस कशाला?’ हे वाक्य कितीही मायेने उच्चारले, तरी ते आजारी स्त्रीला गप्प करते. कृतज्ञतेची सक्ती कोणावर करता येत नाही आणि दुःख लपवण्यासाठी तिचा वापर तर मुळीच होऊ नये.

आईचे ऋण कागदावर नोंदवण्याची एक संधी आता कायद्याच्या चौकटीतच मिळाली आहे. राज्य शासनाच्या निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकाचे नाव शासकीय दस्तऐवजांत बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने लिहिले जाते. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत विनाशुल्क होते आणि नाव ठरलेले नसल्यास ते नोंदणीनंतर वर्षभरात विनाशुल्क घालता येते. म्हणून बारशाच्या खरेदीआधी ग्रामपंचायतीत किंवा प्रसूती झालेल्या रुग्णालयात जन्मनोंद झाल्याची खात्री करून घ्यावी आणि दाखल्यावर आईचे नाव अचूक लिहिले आहे की नाही, हे पाहावे.

माहेर, सासर आणि आजीचा अनुभव

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत या भागात आजही मोठ्या प्रमाणात पाळली जाते. तिच्यामुळे नवख्या आईला आपल्या माणसांत विसावा मिळतो हे खरे असले, तरी दवाखान्याचा, औषधपाण्याचा आणि पाहुण्यांच्या सरबराईचा खर्च बहुधा तिच्या आईवडिलांवर पडतो आणि त्यातही पाण्यासाठी, पिकासाठी कर्ज काढलेले घर असेल, तर ओझे दुप्पट होते. बाळंतविडा घेऊन जाणाऱ्या सासरच्या मंडळींनी त्या विड्यापुरते न थांबता दवाखान्याच्या खर्चातील वाटा आपणहून उचलावा आणि बाळाच्या पित्याने आठवड्यातील निदान काही रात्री तेथे राहून बाळाला जागवण्या-झोपवण्याचे, दुपटी धुण्याचे काम करावे. सासू-सासऱ्यांना आणि व्याह्यांना ‘तुम्ही होतात म्हणून निभावले’ असे प्रत्यक्ष बोलून दाखवण्यात संकोच बाळगू नये, कारण आपल्याकडे वडीलधाऱ्यांच्या पाया पडण्याची रीत असली, तरी त्यांनी नेमके काय केले ते नाव घेऊन सांगण्याची सवय फारशी नाही.

वडीलधाऱ्यांचा आदर करणे आणि त्यांच्या प्रत्येक सल्ल्याप्रमाणे वागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही तरुण पालकांनी ध्यानात घ्यावे. आजीच्या हातची हलकी तेलमालीश, अंगाई, बाळाला सतत अंगाशी धरणे या गोष्टी बाळाला हितकारक आहेत आणि त्या आनंदाने चालू ठेवाव्यात; मात्र प्रसूतीनंतर येणारे पिवळसर घट्ट चीकदूध टाकून देणे, सहा महिन्यांच्या आत पाणी, गुटी किंवा मध चाटवणे, डोळ्यांत काजळ घालणे, नाळेवर हळद किंवा राख लावणे, नाका-कानांत तेल सोडणे आणि बंद खोलीत शेगडीचा धूर करणे या प्रथा बाळाला अपाय करू शकतात. चीकदुधात रोगांपासून रक्षण करणारी प्रतिपिंडे असतात, म्हणून ते बाळाची पहिली लसच म्हणावे लागेल. मधातून क्वचित एका घातक जिवाणूचे बीज आतड्यात जाण्याचा धोका असल्यामुळे तो वर्षभर वर्ज्य समजावा. असे काही नाकारताना वाद घालण्यापेक्षा आजीलाच लसीकरणाच्या दिवशी सोबत न्यावे, परिचारिकेकडून कारण ऐकू द्यावे आणि तिने करावे असे एखादे काम, उदाहरणार्थ मालीश किंवा सहा महिन्यांनंतर नाचणीची पेज शिजवण्याचे, मानाने तिच्याकडे सोपवावे.

उंबऱ्याबाहेरचे हात

बाळाच्या आरोग्यामागे घराबाहेरील ज्या स्त्रियांचे श्रम असतात, त्यांत आशा स्वयंसेविका, आरोग्य उपकेंद्रातील परिचारिका आणि अंगणवाडी सेविका-मदतनीस या प्रमुख आहेत. अंगणवाड्या चालवणारी एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, तर गावातीलच एका स्त्रीला आरोग्याचे प्रशिक्षण देऊन आशा म्हणून नेमण्याची पद्धत २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आली. या कल्पनेची पाळेमुळे महाराष्ट्रातही आहेत. टेंभुर्णीच्या उत्तरेकडील अवर्षणग्रस्त जामखेडमध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू करून कमी शिकलेल्या, अनेकदा निरक्षर आणि दलित स्त्रियांना ग्राम आरोग्य कार्यकर्त्या म्हणून घडवले, आणि या कार्यासाठी त्यांना १९७९ चा रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातील प्रशिक्षित स्त्रिया नवजात बालकाची घरीच तपासणी व काळजी घेऊ शकतात हे दाखवून दिले. जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांतील मृत्यूंच्या प्रमाणाला नवजात मृत्युदर म्हणतात. तो त्या गावांत तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

आज आशाताई बाळाच्या जन्मानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात, त्या भेटी याच कामाचे फळ आहेत. त्यांना मिळणारा मोबदला काही अंशी कामागणिक ठरतो आणि त्यांची पायपीट ऊन-पावसात चालते. म्हणून त्यांची कदर पुढील साध्या रीतींनी करता येते. भेटीच्या दिवशी बाळ आणि आई घरी असावेत, माता-बाल संरक्षण कार्ड हाताशी असावे, बाळाचे वजन आणि तापमान घेऊ द्यावे, विचारलेल्या प्रश्नांची खरी उत्तरे द्यावीत आणि बसायला, पाणी प्यायला आग्रहाने सांगावे. बाळंतीण माहेरी किंवा दुसऱ्या गावी असेल, तर तसे दोन्हीकडील आशाताईंना कळवावे. अंगणवाडीतील दरमहाच्या वजनाला मूल नेणे, तेथील पोषण आहाराविषयी तक्रार असल्यास ती आवाज न चढवता लेखी देणे आणि ग्रामसभेत अंगणवाडीच्या खोलीची, पाण्याची, स्वच्छतागृहाची मागणी मांडणे, हेही कृतज्ञ पालकाचेच काम होय.

निरोगीपणा राखणे ही पहिली फेड

मिळालेल्या देणगीची निगा राखणे हा आभाराचा सर्वांत खरा प्रकार असल्यामुळे पालकांनी लसीकरणाचे वेळापत्रक काटेकोरपणे पाळावे. जन्मतः क्षयाविरुद्धची बीसीजी, पोलिओची तोंडावाटे मात्रा आणि २४ तासांच्या आत कावीळ ‘ब’ची लस दिली जाते, त्यानंतर सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पंचगुणी लस, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ‘ब’ आणि हिब या पाच रोगांविरुद्धची एकत्रित लस, रोटाव्हायरस व पोलिओच्या मात्रांसह मिळते, आणि न्यूमोनियापासून रक्षण करणारी लसही याच काळात सुरू होते. नऊ महिने पूर्ण होताच गोवर-रुबेलाची पहिली मात्रा आणि जीवनसत्त्व ‘अ’, तर सोळा ते चोवीस महिन्यांदरम्यान दुसरी मात्रा आणि बूस्टर द्यावयाचे असतात. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी देशाला पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले, ते अनोळखी लाखो पालकांनी आपापल्या मुलांना वेळेवर डोस पाजल्यामुळेच. त्यांचे ऋण प्रत्येक नवे पालक स्वतःच्या मुलाला लस देऊनच फेडू शकतात.

आहाराच्या बाबतीत जन्मानंतर तासाभरात स्तनपान सुरू करणे, पहिले सहा महिने केवळ आईचे दूध देणे आणि त्यानंतर घरचे मऊ, घट्टसर अन्न सुरू करून स्तनपान दोन वर्षांपर्यंत चालू ठेवणे, हा सर्वमान्य नियम आहे. उष्टावणाच्या दिवशी खिरीचा घास देऊन झाल्यावर दुसऱ्या दिवसापासून वरण-भात, मऊ खिचडी, कुस्करलेले केळे, उकडलेल्या अंड्याचा बलक असे पदार्थ रोज आलटूनपालटून द्यावेत. पाकिटातील बिस्किटे आणि साखरेचे पेय म्हणजे कौतुक नव्हे. जुलाब झाल्यास स्वच्छ पाण्याच्या एका लिटरमध्ये जलसंजीवनीचे, म्हणजे ओआरएसचे, एक पाकीट पूर्ण विरघळवून थोडे थोडे पाजावे, स्तनपान थांबवू नये आणि आरोग्य केंद्रातून मिळणारी झिंकची गोळी चौदा दिवस द्यावी.

काही लक्षणे दिसताच घरगुती उपायांत वेळ घालवू नये: बाळ दूध ओढेनासे होणे, अंग थंड किंवा तापलेले लागणे, निपचित पडणे, झटके येणे, श्वास घेताना छाती आत ओढली जाणे, दोन महिन्यांखालील बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक वेळा चालणे, तळहात-तळपायांपर्यंत पिवळेपणा पोहोचणे किंवा नाळेतून पू येणे. अशा वेळी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. जवळच्या आरोग्य केंद्रातून पुढे पाठवले गेल्यास सोलापूरच्या छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयासारख्या मोठ्या शासकीय रुग्णालयात उपचार मिळतात, आणि जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमामुळे आजारी अर्भकाची औषधे, तपासण्या व ने-आण यांसाठी शासकीय संस्थांत शुल्क द्यावे लागत नाही.

संस्कारांतून ऋणनिर्देश

पाचवी-सटवाईची पूजा, बारसे, जावळ, उष्टावण आणि संक्रांतीनंतरचे बोरन्हाण हे विधी मुळातच आभाराचे आहेत. मूल जगेल की नाही या धास्तीत दिवस काढणाऱ्या समाजाने प्रत्येक टप्पा पार पडल्यावर देवाला आणि माणसांना एकत्र बोलावून आनंद वाटून घेतला, असा त्यांचा सरळ अर्थ आहे. आजच्या पालकांनी हे विधी जरूर करावेत, परंतु त्यांचा भार कर्जाने वाढवू नये आणि त्यांचा रोख योग्य ठिकाणी ठेवावा. बारशाच्या घुगऱ्या वाटताना आशाताईंना आणि अंगणवाडी सेविकांना आवर्जून बोलवावे, प्रसूतीत साथ देणाऱ्या परिचारिकेला मानाची ओटी द्यावी, आणि पंढरपूरला किंवा तुळजापूरला नवस फेडायला जाताना त्यातीलच काही रक्कम गावच्या अंगणवाडीला वजनकाट्यासाठी, चटयांसाठी किंवा खेळण्यांसाठी द्यावी. बोरन्हाणात बोरे, भुईमूग, चुरमुरे, गोळ्या लहान मुलांवर उधळल्या जातात, तेव्हा त्या बाळाच्या तोंडात जाऊन घशात अडकणार नाहीत याची दक्षता घेणेही आवश्यक आहे.

हा आनंद मुलगी झाल्यावर तितकाच मोकळा असावा, हे वेगळे सांगावे लागू नये; पण गर्भलिंग निदानास बंदी घालणारा कायदा १९९४ मध्ये करावा लागला, यावरून ते सांगण्याची गरज स्पष्ट होते. मुलगा झाला म्हणून पेढे आणि मुलगी झाली म्हणून बर्फी अशी वाटणी न करता दोघांसाठी सारखाच उत्सव करावा.

शेजारचे लेकरू

कृतज्ञतेची खरी परीक्षा स्वतःच्या अंगणाबाहेर होते. उजनी धरणाचे, म्हणजे यशवंतसागराचे, पाणी १९८० नंतर या भागात खेळू लागले आणि माळरानावर ऊस, केळी, डाळिंब उभे राहिले. बाळाच्या वाट्याला आलेले स्थैर्य त्या पाण्यातून आले आहे, आणि त्या पाण्याखाली भीमाकाठच्या अनेक गावांच्या जमिनी व घरे गेली आहेत. पुढे दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बीड, धाराशिव यांसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात, पाचटाच्या कोप्या घालून राहतात आणि पहाटेपासून फडात राबतात, तेव्हा त्यांची तान्ही मुले बांधावर झोळीत किंवा थोरल्या बहिणीच्या कडेवर दिवस काढतात. शेतकरी कुटुंबातील पालकांनी आपल्या शेतात उतरलेल्या टोळीत किती लहान मुले आणि गरोदर स्त्रिया आहेत हे मुकादमाला विचारावे, ती माहिती आशाताईंना द्यावी, लसीकरणाच्या दिवशी आईला दोन तासांची सुट्टी मिळेल हे पाहावे आणि पिण्याच्या स्वच्छ पाण्याची सोय करून द्यावी. कोणत्याही जिल्ह्याचे लसीकरण कार्ड राज्यात कुठेही चालते आणि अंगणवाडीचा आहार स्थलांतरित बालकालाही मिळू शकतो, ही गोष्ट त्या आयांना कोणीतरी सांगावी लागते.

ज्या घरी मूल आजारी किंवा अपंग आहे, जेथे मूल दगावले आहे किंवा जेथे अपत्य नाही, त्या घरांशी वागताना आपल्या आनंदाचे प्रदर्शन आवरावे. निरोगी बाळ हे आईवडिलांच्या सत्कर्माचे फळ आहे असे म्हटले, की आजारी बाळाच्या आईवर नकळत दोष येतो. म्हणून असा विचार बोलण्यातून आणि मनातूनही काढून टाकावा. अशा कुटुंबाला अंगणवाड्या व शाळांतून चालणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या मोफत तपासणीची माहिती देणे, दवाखान्यात सोबत जाणे आणि समारंभात त्यांना हळदी-कुंकवाच्या मानापासून वंचित न ठेवणे, ही खरी सोबत ठरते.

सवय लावण्याची रीत

मनात येणारी कृतज्ञता टिकावी यासाठी ती लिहून ठेवणे उपयुक्त असल्याचे दिसते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलो यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, दर आठवड्याला आभार मानण्याजोग्या गोष्टी लिहिणाऱ्यांना अडचणी लिहिणाऱ्यांच्या तुलनेत आपले आयुष्य अधिक समाधानकारक वाटल्याचे आढळले. तरुण जोडप्याने बाळाच्या कार्डासोबत एक वही ठेवावी. तिच्यात दर आठवड्याला ज्याने मदत केली त्याचे नाव, केलेले काम आणि त्याच्यासाठी आपल्याला काय करता येईल, एवढे तीन मुद्दे लिहावेत आणि महिनाअखेरीस त्यांतील एक तरी गोष्ट करून तिच्यापुढे खूण करावी. मूल बोलू-वाचू लागले, की तीच वही त्याला वाचून दाखवावी, म्हणजे आपण किती माणसांच्या हातांवर वाढलो हे त्याला कळेल आणि आभार मानण्याचे वळण त्याला घरातच लागेल.

बाळाच्या पहिल्या वाढदिवसाचा केक कापण्याआधी टेंभुर्णीतील आणि आसपासच्या प्रत्येक आईवडिलांनी तीन गोष्टी तपासून पाहाव्यात: वर्षभराच्या सर्व लसी पूर्ण झाल्या आहेत का, बाळाच्या आईला पुरेशी विश्रांती आणि मान मिळाला आहे का, आणि आपल्या मुलासाठी जे मिळाले त्यातील काही तरी दुसऱ्या एका मुलापर्यंत पोहोचवले आहे का. या तिन्हींचे उत्तर होकारार्थी देता यावे, असे वर्ष प्रत्येक तरुण पालकाने आपल्या हाताने घडवावे.